बत्तिशीकाकांचे अकरा होकार

बँकेच्या पत्राइतका उत्तम मजकूर नव्या कवळीला जगात दुसरा नाही, असं बत्तिशीकाकांचं ठाम मत होतं. या मताची किंमत चार हजार दोनशे दहा रुपये आहे, हे त्यांना फार उशिरा कळलं.

काका कवळ्या बनवायचे. चौकाच्या कोपऱ्यावर दोन खोल्यांचं घर. पुढची खोली म्हणजे दुकान, मागची म्हणजे संसार, आणि मध्ये एक जाड हिरवा पडदा. दुकानात खिडकीपाशी टेबल, टेबलावर मेण, प्लास्टर, स्पिरिटचा दिवा आणि ओळीने मांडून ठेवलेले लोकांचे जबडे. पडद्यामागे काकू, त्यांच्याही तोंडात काकांच्याच हातची कवळी. कवळीला शेवटचं पॉलिश काकूंच्या हातचं असायचं, आणि ते असं चकाकायचं की म्हातारी माणसं काही कारण नसताना हसत घरी जायची.

काकांचा एक नियम होता. कवळी तोंडात बसली म्हणून माणसाला लगेच सोडायचं नाही. समोरच्या खुर्चीत बसवायचं, हातात कागद द्यायचा आणि मोठ्याने वाचायला लावायचं. कुठे शिट्टी वाजते, कुठे जीभ अडखळते, कुठे ओठ अपुरा पडतो, हे वाचून घेतल्याशिवाय कळत नाही. पूर्वी ते वर्तमानपत्र द्यायचे, पण माणसं बातमी वाचता वाचता मध्येच थांबून आपलं मत सांगत बसायची आणि तपासणी तशीच राहायची. मग एक दिवस बँकेचं पत्र आलं. काकांनी पहिल्या ओळीवर नजर टाकली आणि त्यांना घबाड सापडल्यासारखं झालं. शिल्लक, शुल्क, सूचना, फेड, व्याज. कवळीला घाम फोडणारे सगळे आवाज एका पानात, आणि मजकूर इतका रुक्ष की त्यावर मत द्यावं असं कुणाला वाटू नये. त्यांनी ते पत्र पुढे न वाचता खुर्चीतल्या माणसाच्या हातात दिलं. पुढच्या आठवड्यात दुसरं आलं, मग तिसरं. बँक इतक्या नेमाने मजकूर पुरवते, याचं काकांना कौतुक वाटायला लागलं.

अशी सोळा पत्रं आली. सोळा आठवडे गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी काकांसमोर बसून, खणखणीत आवाजात, काकांचं खातं कसं बुडतंय ते काकांनाच वाचून दाखवलं. काका डोळे मिटून ऐकायचे. "सुंदर," ते म्हणायचे. "ती शेवटची ओळ पुन्हा एकदा."

झालं होतं असं. काका-काकूंचं एक जोडखातं होतं आणि त्यात कमीत कमी एक हजार ठेवावे लागत. एका सोमवारी काकांनी प्लास्टरचं पोतं आणलं आणि खात्यात नऊशे त्र्याण्णव उरले. सात कमी. दुसऱ्याच दिवशी काकांनी शंभर भरले आणि खातं डोक्यातून काढून टाकलं, कारण एरवी त्यांचा सगळा व्यवहार रोखीचा. पण तोवर बँकेने कमी शिल्लकेचे दीडशे आणि तसं कळवणाऱ्या पत्राचे चाळीस कापून घेतले होते. त्यामुळे शिल्लक पुन्हा कमी. म्हणून पुढच्या सोमवारी पुन्हा दीडशे, पुन्हा पत्र, पत्राचे पुन्हा चाळीस. खातं रिकामं झालं, मग उणे झालं, मग त्या उण्यावर व्याज चढलं. सात कमी पडले होते, त्या सातावर बँकेने सोळा आठवडे संसार केला.

हे उघडकीला आलं ते तिकिटामुळे. काका-काकूंची एकुलती एक लेक लांब, विमानानेच जावं लागेल अशा गावी राहायची आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिली कळ येईल तेव्हा मी तुझ्याजवळ असेन, असा काकूंनी तिला शब्द दिला होता. एका डेंटिस्टच्या मोठ्या कामाचे अठरा हजार आले. काकांनी ते खात्यात भरले आणि तिकिटवाल्याला तेवढ्याच रकमेचा चेक दिला. बँकेने आधी आपली वसुली करून घेतली, मग पैसे कमी आहेत म्हणून चेक परत पाठवला, आणि परत पाठवण्याचे सहाशे लावले. तिकिटवाल्याने तिकीट रद्द केलं.

काका तावातावाने बँकेत गेले. काचेपलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "आम्ही सोळा पत्रं पाठवली, काका. तुम्ही वाचली नाहीत का?"

"सगळी वाचून घेतली," काका म्हणाले. "काही तर तीन-तीनदा."

"मग तक्रार कसली?"

काका तसेच माघारी फिरले. ते घरी आले तेव्हा दुकानात मास्तरीणबाई बसल्या होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, वरची-खालची दोन्ही कवळ्या काकांच्या हातच्या, आणि वाचनाला गल्लीत सर्वांत पक्क्या. काकांनी त्यांना विचारलं, "तुम्ही वाचायचात त्या पत्रांत होतं तरी काय?"

"तुम्ही बुडताय, असं होतं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तुम्ही सुंदर म्हणत होतात."

पडद्यामागे पॉलिशचा ब्रश थांबला. काकू बाहेर आल्या आणि काकांसमोर उभ्या राहिल्या. "तीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "तुम्ही माझे दात ऐकता. मला नाही." एवढं बोलून त्या पडद्याआड गेल्या आणि त्यानंतर त्यांनी काकांशी बोलणं टाकलं. सांगायचं असेल ते दुकानात जो कुणी बसला असेल त्याच्यामार्फत सांगत. यांना सांगा, जेवण वाढलंय. यांना सांगा, साबण संपलाय. पाव किलो मेण द्यायला आलेल्या दुकानदारालासुद्धा एकदा, यांना सांगा, बनियन उलटं घातलंय, असं सांगावं लागलं. काकांना वाईट वाटत होतं, आणि आपली चूक आहे हे कळत असल्यामुळे जास्तच वाटत होतं.

छोट्या दाव्यांच्या न्यायालयाचा मार्ग मास्तरीणबाईंनीच सुचवला. तिथे वकील लागत नाही, एक अर्ज भरायचा, थोडी फी भरायची आणि आपलं म्हणणं आपणच मांडायचं. काकांनी अर्ज भरला. त्याबरोबर बँकेने सतरावं पत्र पाठवलं. हे मात्र काकांनी स्वतः वाचलं. खात्यावर वाद उत्पन्न झाल्यामुळे निकाल लागेपर्यंत खातं गोठवण्यात येत आहे, असं त्यात होतं. म्हणजे नेलेले चार हजार दोनशे दहा तर गेलेच होते, आता राहिलेले चौदा हजार आठशे त्र्याऐंशीही हाताला लागेनात. तिकिटवाल्याने काकूंसाठी शेवटची एक जागा धरून ठेवली होती, ती शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. सुनावणी शुक्रवारीच सकाळी अकराला. लेकीला डॉक्टरांनी पुढच्या आठवड्याची तारीख दिली होती. काकूंनी प्रवासाची बॅग भरून दाराशी आणून ठेवली आणि काकांना येता-जाता त्या बॅगेला वळसा घालावा लागायचा.

गुरुवारी दुपारी दुकानात एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, चामड्याची बॅग, आणि तोंडावर घट्ट धरलेला रुमाल. ते बोलेनात. त्यांनी खिशातून वही काढून लिहिलं आणि काकांपुढे धरलं. 'मी बँकेचा वसुली अधिकारी. उद्या न्यायालयात तुमच्याविरुद्ध बोलायचं आहे. बिस्किट खाताना दात तुटले. गावात दुसरं कुणी नाही.'

काकांनी ते मोठ्याने वाचलं. मग गृहस्थांनी रुमाल उलगडला. आत वरची कवळी, मधोमध दोन तुकडे.

काकांनी तुकडे उजेडात धरून पाहिले. काम कुणा दुसऱ्याचं होतं आणि मुळातच वाईट होतं. टाळूची बाजू जाड, पुढचे दात अर्धा केस बाहेर. "तुमची शिट्टी वाजत असणार," ते म्हणाले. वसुलीसाहेबांनी खाली मान घालून होकार दिला. त्यांना हे कुणीतरी पहिल्यांदाच आपुलकीने विचारलं होतं.

पडदा जोरात हलला. काकूंचा हात बाहेर आला आणि नको, नको, असा हलला. काकांच्याही मनात एक क्षण आलंच. जोड किंचित सैल ठेवायचा, बस. कोणाला कळणार नाही, आणि उद्या अकराच्या सुमाराला भर न्यायालयात वरची पंगत खाली बसेल. त्यांनी तो विचार केला, आणि मग आपल्या हातातल्या त्या दोन गुलाबी तुकड्यांकडे पाहून त्यांना स्वतःची लाज वाटली. तीस वर्षांत त्यांनी कुणाला लंगडे दात दिले नव्हते. त्यांनी दिवा पेटवला.

तीन तास काम चाललं. काकांनी तुकडे मेणाने जुळवले, मागे प्लास्टरचा साचा धरला, जोड भरून कवळी गरम पाण्यात शिजवली, आणि मग कुणी न सांगता टाळू घासून पातळ केली, पुढचे दात आत घेतले. शेवटी त्यांनी कवळी पडद्यातून आत सरकवली. आतून आवाज आला, "यांना सांगा, हे कुणाचे दात आहेत ते मला कळलंय." वसुलीसाहेबांना बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ते वाक्य वहीत जसंच्या तसं लिहून काकांना दाखवलं. पण दहा मिनिटांनी कवळी पडद्यातून परत आली ती चकाकतच. काकूंनाही वाईट काम करता येत नव्हतं.

"आता वाचा," काका म्हणाले.

वाचायला काही नव्हतं. बँकेची सगळी पत्रं काकांनी न्यायालयात जमा केली होती. वसुलीसाहेबांनी बॅगेतून बँकेची नियमपुस्तिका काढली. काकांनी ती हातात घेऊन मिळेल तिथे उघडली, पान चौदा आलं, आणि ते त्यांच्यापुढे धरलं. वसुलीसाहेब वाचू लागले. काका डोळे मिटून ऐकत राहिले. श स्वच्छ, स स्वच्छ, फ ला ओठ पोचतोय, टाळूला जीभ बिनतक्रार लागतेय. "पुन्हा एकदा," ते म्हणाले. वसुलीसाहेबांनी पुन्हा वाचलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं, कारण पंधरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून शिट्टीशिवाय एक आख्खं वाक्य बाहेर पडलं होतं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचलं, ते हौस म्हणून. मग मजुरीच्या तीनशेंचा चेक फाडून दिला आणि आरशात बघत बघत निघून गेले.

दिवेलागणीला काकू पडदा सारून बाहेर आल्या. दुकानात निरोप द्यायला कुणी नव्हतं. बारा दिवसांचं मौन मोडून त्या सरळ काकांशी बोलल्या.

"अहो, नीट ऐका. तो माणूस आत्ता काय वाचून गेला, कळलं का तुम्हाला? बँकेने कापल्यामुळेच शिल्लक कमी झाली असेल, तर त्यावर पुन्हा कापता येत नाही. त्यांच्याच पुस्तकात आहे, पान चौदा. उद्या एवढंच म्हणा. पान चौदा."

काकांनी मान वर केली. बारा दिवसांनी बायकोचा आवाज कानावर पडत होता आणि त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी सवयीने डोळेच मिटले.

"डावीकडची दाढ वाजतेय तुझी," ते म्हणाले. "बोलताना टक् होतंय. उद्या बघतो."

काकू आतून ताट वाढून घेऊन आल्या. ते टेबलावर जबड्यांच्या शेजारी ठेवलं आणि परत आत गेल्या.

न्यायालय म्हणजे पालिकेच्या इमारतीतली, फायली बाहेर काढून रिकामी केलेली एक खोली होती. खिडकी नीट लागत नव्हती. न्यायाधीश मॅडमना सर्दी झाली होती आणि त्यांच्यासमोर कागदांपेक्षा थर्मास मोठा होता. कोपऱ्यात लेखनिक जाड नोंदवही घेऊन बसला होता. घडेल ते सगळं तो शाईने लिहायचा, इतकं सगळं की सुरुवातीलाच त्याने 'मॅडम शिंकल्या' असं लिहिलं. मागच्या बाकावर काकू बसल्या होत्या. प्रवासाची बॅग त्यांच्या मांडीवर होती.

काकांनी आपलं म्हणणं चार वाक्यांत मांडलं. मग वसुलीसाहेब उभे राहिले.

"अर्जदारांना प्रत्येक शुल्काची सूचना वेळेवर मिळाली होती," ते म्हणाले.

काय सुंदर आलं. काकांनी मान डोलावली. लेखनिकाने लिहिलं.

"प्रत्येक सूचनेत शिल्लक, शुल्क आणि व्याज स्पष्टपणे नमूद केलेलं होतं."

एका वाक्यात इतके अवघड आवाज आणि एकही घसरला नाही. काकांनी पुन्हा मान डोलावली. लेखनिकाने पुन्हा लिहिलं. वसुलीसाहेबांना स्वतःचाच आवाज आवडायला लागला होता आणि ते लांबलचक वाक्यं रचत होते. प्रत्येक वाक्याला काकांची मान हलत होती, एका वाक्याला तर ते "वा" असंही म्हणाले.

मग बँकेने साक्षीला मास्तरीणबाईंना बोलावलं. मास्तरीणबाईंनी काकांकडे केविलवाणं पाहिलं, पण खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"ही पत्रं तुम्ही अर्जदारांसमोर मोठ्याने वाचलीत?"

"वाचली."

"त्यातलं एक वाचून दाखवाल?"

त्यांनी नववं पत्र वाचलं. चाळीस मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं वाचलं. काकांची मान अकराव्यांदा हलली.

"ते ऐकून अर्जदार काय म्हणाले होते?"

"सुंदर म्हणाले. पुन्हा वाचा म्हणाले."

मॅडमनी थर्मासचं झाकण लावलं. "अर्जदार, तुम्ही मघापासून सगळ्याला मान डोलावताय. लेखनिक, किती झाले?"

"अकरा होकार, मॅडम. एक 'वा' वेगळा."

"बँकेचं म्हणणं तुम्हाला मान्य आहे असं समजायचं का?"

"नाही, मॅडम," काका गोंधळून म्हणाले. "मी दातांना मान डोलावत होतो. त्यांची कवळी कालच मी दुरुस्त केली. कशी बसली आहे ते बघत होतो."

मॅडमनी वसुलीसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी लाजून ते खरं असल्याचं सांगितलं.

"म्हणजे तुमच्याविरुद्धचा युक्तिवाद तुम्हीच दुरुस्त करून दिलात."

"मी फक्त दात दिले, मॅडम. युक्तिवाद ते घरून घेऊन आले."

"होकार शाईने लिहिलेत," लेखनिकाने आठवण करून दिली. "खोडता येत नाहीत."

मॅडम वहीत काहीतरी लिहू लागल्या. भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. काकांनी मागे वळून पाहिलं. काकू बॅगेच्या बंदावर बोट फिरवत बसल्या होत्या, मान खाली. रागावलेली बायको काकांनी पुष्कळदा पाहिली होती. ही रागावलेली नव्हती. हिने आशा सोडली होती. लेकीला आपली आई हवी आहे, आणि ती जाणार नाही, कारण तिचा नवरा माणसांच्या तोंडाकडे कान देतो आणि माणसांकडे देत नाही. मग त्यांना काल संध्याकाळ आठवली. काकू काहीतरी बोलल्या होत्या. बरंच बोलल्या होत्या. काका आठवायला लागले, पण त्यांना त्यातला फक्त तो टक् आठवत होता.

ते उभे राहिले. "मॅडम, काल माझ्या बायकोने मला काहीतरी सांगितलं. मी ऐकलं नाही. ते तिला परत विचारता येईल का?"

"काय सांगितलं होतं?"

"तेच तर माहीत नाही, मॅडम. पण ती उगाच बोलत नाही."

खोलीत कुणीतरी हसलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "खात्यावर त्यांचं नाव आहे?"

"जोडखातं आहे," लेखनिक कागद चाळून म्हणाला.

"मग त्याही अर्जदारच. बोला, बाई."

काकू बॅग घेऊनच उभ्या राहिल्या. काकांकडे त्यांनी पाहिलं नाही. "यांना सांगा," त्या मॅडमना म्हणाल्या, "पान चौदा."

मॅडमनी क्षणभर विचार केला आणि काकांकडे वळून म्हणाल्या, "पान चौदा."

"हो," काका म्हणाले. या वेळी त्यांनी डोळे उघडे ठेवले होते. "मॅडम, त्यांच्या पुस्तकातलं पान चौदा त्यांनी वाचावं."

वसुलीसाहेबांनी पुस्तिका उघडली. असली कलमं त्यांनी आजवर अनेकदा वाचली होती, पण ती शिट्टीच्या आडोशाने. अवघड जागी दात घसरू द्यायचे, समोरच्याने कंटाळून 'राहू द्या' म्हणायचं, आणि पुढे जायचं. आज घसरायला जागाच नव्हती. शब्द एकेक करून खोलीत पडत गेले.

"बँकेने केलेल्या आकारणीमुळेच खात्यातील शिल्लक किमान रकमेखाली गेली असल्यास, त्या तुटीपोटी पुन्हा शुल्क, सूचनाखर्च, व्याज किंवा अन्य दंड आकारता येणार नाही."

'असल्यास'मधला स किंचित हलला होता. काकांच्या ते लक्षात आलं. त्यांनी तो सोडून दिला आणि वाक्याचा अर्थ ऐकला. सगळा, शेवटपर्यंत. वसुलीसाहेबही पुस्तिकेकडे बघत उभे होते.

"कालही मी हेच वाचलं," ते हळूच म्हणाले. "तीनदा. माझं लक्ष दातांकडे होतं."

"या खोलीत बाई सोडून कुणाचंच लक्ष नव्हतं," मॅडम म्हणाल्या आणि निकाल लिहायला घेतला. पहिल्या सोमवारी सात खरोखरच कमी होते, म्हणून पहिले एकशे नव्वद बँकेचे. बाकीचे चार हजार वीस अर्जदारांना परत, आजच, तीन वाजायच्या आत, आणि खातं मोकळं.

"होकारांचं काय करायचं?" लेखनिकाने विचारलं.

"खाली लिहा, वरील होकार दातांना होते."

बँकेत पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. पैसे काढायला टोकन घ्यावं लागत होतं. वसुलीसाहेबांनाही घ्यावं लागलं, कारण यंत्र कुणाला ओळखत नव्हतं. काका, काकू आणि मध्ये वसुलीसाहेब असे तिघे बाकावर बसले. काकूंनी वसुलीसाहेबांना सांगितलं, यांना सांगा, मला तहान लागलीय. वसुलीसाहेबांनी सांगितलं, आता सुस्पष्ट आवाजात, आणि काका पाणी घेऊन आले. शेवटी नंबर लागला. अठरा हजार काकूंच्या हातात पडले, आणि काचेपलीकडचा माणूस म्हणाला, "उरले नऊशे तीन. सत्त्याण्णव कमी आहेत."

काकूंनी नोटा घट्ट धरल्या. मग वसुलीसाहेबांनी खिशातून पाकीट काढलं. "तो कालचा चेक मला परत द्या, काका," ते म्हणाले. "तो वटायला तीन दिवस लागतील." आणि आपल्या दातांचे तीनशे त्यांनी रोख काढून काकांच्या खात्यात भरले. तिकीट हातात आलं तेव्हा पाचाला दहा मिनिटं कमी होती.

रविवारी सकाळी दाराशी टॅक्सी उभी राहिली. काकूंनी सूचना दिल्या. दूधवाल्याला एक दिवसाआड यायला सांगितलंय. किल्ली शेजारी. गॅस झोपताना बंद. रक्तदाबाची गोळी जेवणानंतर, आधी नाही.

"काय म्हणाले मी?" त्यांनी विचारलं.

काकांनी दूध, किल्ली, गॅस, गोळी असं सगळं क्रमाने सांगितलं. "आणि दाढ अजून वाजतेय," ते म्हणाले. "पण ते मी नंतर ऐकलं."

काकूंनी बॅग टॅक्सीत ठेवली. "आल्यावर बघा," त्या म्हणाल्या, आणि टॅक्सीत बसल्या.

त्यानंतरच्या गुरुवारी बँकेचं नवं पत्र आलं. परताव्याची रक्कम जमा झाल्याचं त्यात कळवलं होतं आणि कळवण्याचे चाळीस लावले होते. काकांनी ते आधी स्वतः पूर्ण वाचलं, समासात 'पान चौदा' लिहिलं, आणि मगच मास्तरीणबाईंच्या हातात दिलं, कारण मजकूर म्हणून ते उत्तमच होतं. मास्तरीणबाईंनी दोन ओळी वाचल्या असतील नसतील, तेवढ्यात फोन वाजला.

"अहो," पलीकडून काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. "मुलगी झाली. मी होते तिच्याजवळ. पहिल्या कळेपासून होते. ऐका."

फोनमध्ये बाळ रडायला लागलं. काकांनी सवयीने डोळे मिटले आणि शिट्टी कुठे वाजते, जीभ कुठे अडते, ते ऐकायला कान लावला. पण त्या तोंडात एकही दात नव्हता. तपासायला काही नव्हतं, दुरुस्त करायला काही नव्हतं. ते नुसतेच ऐकत राहिले, आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मास्तरीणबाईंनी वाचायचं थांबवून पत्र मांडीवर ठेवलं.

"अहो," काकूंनी विचारलं, "ऐकताय ना?"

"ऐकतोय," काका म्हणाले. "पुन्हा एकदा."